जुळणीची रांग आणि कामाची वाटणी

खेड्यातला मुलगा किंवा मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात नोकरीला लागली, की पहिल्या पगाराच्या आधी घरात एक नवा शब्द येतो. तो शब्द म्हणजे 'लाइन'. "मी लाइनवर आहे", "आज लाइन दोनदा थांबली", "माझ्यामुळे लाइन अडते असं सुपरवायझर म्हणतात" – अशी वाक्ये रात्रीच्या फोनवर ऐकू येतात. आईवडिलांना त्यातून एवढेच कळते, की मुलगी दमली आहे आणि कोणी तरी तिला मंद म्हणते आहे. ही लाइन म्हणजे काय, ती का अडते आणि अडली तर दोष कोणाचा, याविषयी आज थोडे बोलायचे आहे. मी अर्थशास्त्र शिकवतो, कारखाना चालवत नाही. तथापि हा विषय इंजिनियर मंडळींपुरताच आहे, असे समजण्याचे कारण नाही. तो बेरीज-भागाकार येणाऱ्या कोणालाही समजेल असा आहे, आणि ज्यांची मुले रांजणगावला, चाकणला, वाळूजला किंवा परराज्यात मोबाइलच्या कारखान्यात आहेत, त्यांना तो समजायलाच हवा.

लाइन म्हणजे जुळणीची रांग. वस्तू एका टोकाला सुट्या भागांच्या रूपात शिरते, प्रत्येक माणूस तिच्यात थोडी थोडी भर घालतो, आणि दुसऱ्या टोकाला ती पुरी होऊन बाहेर पडते. कल्पना आपल्याला परकी नाही. वैशाखात गल्लीतल्या बायका मिळून पापड करतात, तेव्हा काय होते ते आठवा. एकजण पीठ कुटून देते, एकजण दोऱ्याने लाट्या कापते, चारजणी लाटायला बसतात आणि एखादे पोर पापड खाटेवर पसरून येते. लाटायला चारजणी का आणि लाट्या कापायला एकच का? कारण लाटायला वेळ लागतो, कापायला लागत नाही. हे कोणी त्यांना शिकवलेले नसते. लाट्यांचा ढीग साठून वाळू लागला, की कापणारी आपणहून पोळपाट ओढते. कारखान्यात ज्याला लाइनचा तोल साधणे म्हणतात, ते हेच. फरक एवढाच, की गल्लीत कापणारीला पोळपाट ओढायला कोणाची परवानगी लागत नाही, कारखान्यात लागते.

आता एक सरळ हिशेब करू. समोर कागद-पेन्सिल असली तर बरे. आपल्या हातातला साधा खिशातला रेडिओ घ्या. आकडे मी समजण्यासाठी योजले आहेत, अमुक एका कारखान्याचे नव्हेत. समजा, बोर्डावरचे सगळे काम झालेले आहे आणि फक्त शेवटची जुळणी उरली आहे. ती अशी: कव्हरमध्ये स्पीकर बसवणे १८ सेकंद, स्पीकरच्या तारांना झाळ देणे, म्हणजे आपले सोल्डरिंग, १४ सेकंद, सेलच्या खणातल्या स्प्रिंगा बसवणे १२, त्यांच्या तारांना झाळ देणे १६, अँटेनाची कांडी बसवणे १०, बोर्ड ठेवून त्याला तीन स्क्रू मारणे २४, स्टेशन लावायचे चाक बसवणे १२, मागचे झाकण चार स्क्रूंनी लावणे २२, संच वाजवून तपासणे २६, आणि पुसून खोक्यात घालणे ८. तारांची दुसरी टोके बोर्डावरच्या खाचेत नुसती खोचायची आहेत, तो वेळ बोर्ड बसवण्यातच धरला आहे. बेरीज करा. ती येते १६२ सेकंद. एका माणसाने एकट्याने अखंड काम केले, तर त्याला एका रेडिओला एवढा वेळ लागेल.

कारखान्याला दिवसाला ९०० रेडिओ हवे आहेत. जेवणाची सुटी आणि चहाचा अर्धा तास वजा जाता पाळीत साडेसात तास काम होते, म्हणजे २७,००० सेकंद. त्यांना ९०० ने भागले की ३० सेकंद येतात. लाइनच्या टोकातून दर ३० सेकंदांनी एक संच पडला पाहिजे. या ३० सेकंदांना जगभरच्या कारखान्यांतून 'टाक्ट' म्हणतात. शब्द जर्मन आहे आणि त्याचा अर्थ आहे ताल. भजनात मृदंगाची थाप जशी ठरावीक अंतराने पडते, तसा हा ताल. तो लाइनवरची माणसे ठरवत नाहीत, सुपरवायझरही ठरवत नाही. किती माल हवा आणि किती वेळ आहे, या दोन आकड्यांतून तो निघतो.

१६२ ला ३० ने भागा. उत्तर पाचाहून थोडे जास्त येते. म्हणून माणसे सहा. येथवर सोपे आहे. खरी कसोटी पुढे आहे. या दहा कामांची सहा जणांत वाटणी कशी करायची?

नवशिक्या मुकादम काय करील? तो वस्तूच्या अवयवाप्रमाणे कामे वाटील. स्पीकर बसवणे आणि त्याच्या तारा पहिल्याकडे: ३२ सेकंद. स्प्रिंगा आणि त्यांच्या तारा दुसऱ्याकडे: २८. अँटेना आणि बोर्ड तिसऱ्याकडे: ३४. चाक आणि झाकण चौथ्याकडे: ३४. पाचव्याकडे तपासणी: २६. सहाव्याकडे पुसणे आणि खोके: ८. वाटणी दिसायला नीटस आहे. पण परिणाम पाहा. तिसरा माणूस ३४ सेकंदांच्या आत संच पुढे सरकवू शकत नाही, म्हणून टोकाला दर ३४ सेकंदांनीच एक संच पडतो. दिवसाचे होतात ७९४. एकशे सहा संच कमी! खोके भरणारा दर वेळी २६ सेकंद रिकामा बसतो आणि तिसऱ्या-चौथ्या जागेवरच्या मुलींना डोके वर काढायला फुरसत नाही. संध्याकाळी ओरडा कोणाला बसतो? त्यांनाच. कारण माल त्यांच्यापुढे साचलेला सर्वांना दिसतो.

श्रोतेहो, माझ्या आजच्या भाषणातली मुख्य गोष्ट हीच आहे. माल जिच्यापुढे साचतो, ती मुलगी मंद असते असे नाही. तिच्या वाट्याला काम जास्त आलेले असते. आणि हे ठरवायला भांडणाची गरज नाही, हिशेबाची आहे.

तो हिशेब आता दुसऱ्या रीतीने मांडू. कामे अवयवाप्रमाणे न वाटता वेळेप्रमाणे आणि हत्याराप्रमाणे वाटू. स्पीकर बसवणे आणि स्प्रिंगा बसवणे, ही दोन्ही कामे पहिल्याकडे: १८ आणि १२, एकूण ३०. दोन्ही ठिकाणची झाळ दुसऱ्याकडे: १४ आणि १६, पुन्हा ३०. शिवाय तापलेली कावी, म्हणजे सोल्डरिंगची हातकाडी, आता एकाच जागी राहिली. बोर्डाचे काम २४ सेकंदांचे अखंड दिसते, पण ते अखंड नाही. बोर्ड ठेवायला ९ सेकंद आणि तीन स्क्रूंना पाच-पाच सेकंद, असे ते चार तुकड्यांचे आहे. मग तिसऱ्याने अँटेना बसवावी, बोर्ड ठेवावा आणि एकच स्क्रू मारावा: १०, ९ आणि ५, एकूण २४. उरलेले दोन स्क्रू आणि चाक चौथ्याकडे: २२. पाचव्याकडे तपासणी: २६. सहाव्याकडे झाकण आणि खोके: २२ आणि ८, एकूण ३०. सर्वांत मोठा वाटा ३० चा झाला आणि दिवसाचे ९०० संच निघाले. कोणाचाही हात पूर्वीपेक्षा लवकर चाललेला नाही. माणसेही तेवढीच आहेत.

यात मी एक गोष्ट हळूच बदलली, ती लक्षात आली का? पूर्वी झाकण लावून मग तपासणी होती. आता तपासणी आधी आणि झाकण नंतर. बंद केलेला संच मुका निघाला, तर चार स्क्रू पुन्हा काढावे लागतात. पण असा क्रम प्रत्येक बाबतीत बदलता येत नाही. स्पीकर बसल्याशिवाय त्याच्या तारांना झाळ देता येणार नाही. पाया भरल्याशिवाय भिंत नाही, तसेच ते. म्हणून वाटणी करणारा आधी एका कागदावर कोणते काम कोणाच्या आधी झालेच पाहिजे, त्याचा नकाशा काढतो आणि मगच हिशेबाला बसतो. दहा कामांवर कसलेही बंधन नसते, तर त्यांचे छत्तीस लाखांहून अधिक क्रम लागले असते. साठ-सत्तर कामे असली, म्हणजे सगळे क्रम तपासून पाहणे संगणकालाही शक्य होत नाही. एम. ई. साल्व्हेसन या अमेरिकन अभ्यासकाने १९५५ साली या प्रश्नाला गणिताचे रूप दिले आणि तेव्हापासून गणिती त्याच्याशी झटत आहेत. व्यवहारात एक सोपी रीत पुष्कळदा पुरते. ज्या कामामागे सर्वांत अधिक काम खोळंबून आहे, ते आधी वाटायचे. आपल्या स्वयंपाकघरात डाळ आधी शिजत टाकतात आणि कोशिंबीर शेवटी करतात, त्यामागे हीच बुद्धी आहे.

कारखान्यातल्या जुळणीच्या रांगेचा इतिहास सांगू लागलो तर वेळ पुरणार नाही. पण एक दाखला असा आहे, की तो टाळवत नाही. हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क येथील मोटारीच्या कारखान्यात १९१३ साली मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या विद्युत्-यंत्राची, जुळणी प्रथम अशा रांगेवर आणली गेली. तोवर एक कारागीर सगळा मॅग्नेटो एकटा जुळवी आणि त्याला सुमारे २० मिनिटे लागत. त्याच कामाचे २९ तुकडे करून ते रांगेत वाटले, तेव्हा वेळ १३ मिनिटे १० सेकंदांवर आला. पुढच्या वर्षी रांगेची उंची आठ इंचांनी वाढवली आणि वेळ ७ मिनिटांवर उतरला. पुढे चालत्या रांगेचा वेग नेमका ठरवून तो ५ मिनिटांवर आणला. यातल्या आठ इंचांकडे माझे लक्ष राहून राहून जाते. कंबर वाकवून काम करणे आणि ताठ उभे राहून करणे, यातला भेद चुलीवरून ओट्याशी आलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. सेकंद मोजणाऱ्या माणसाने आधी उंची मोजावी, असे मी म्हणेन.

मघाचा आपला हिशेब कागदावर सुरेख झाला. तोच प्रत्यक्षात बसवला तर पहिल्याच दिवशी ९०० संच निघणार नाहीत, हेही सांगितले पाहिजे. का? कारण ३० सेकंद हा सरासरीचा आकडा आहे. माणसाचा हात म्हणजे घड्याळाचा काटा नव्हे. एकदा २७ सेकंद लागतात, एकदा ३४. स्क्रू खाली पडतो, तार उलटी येते. ज्या जागेचा वाटा काठोकाठ ३० चा आहे, तिथे गेलेले चार सेकंद भरून काढायला जागाच उरत नाही, आणि ते चार सेकंद पुढच्या सर्वांचे जातात. म्हणून जाणता व्यवस्थापक दोन उपाय करतो. दोन जागांच्या मध्ये दोन-तीन संचांची शिल्लक ठेवतो, म्हणजे मागचा क्षणभर अडला तरी पुढच्याचा हात रिकामा पडत नाही. दुसरे, तो कोणाचाही वाटा काठोकाठ भरत नाही. पोते तोंडापर्यंत भरले तर शिवायला कापड उरत नाही, हे आडत दुकानातल्या हमालालाही माहीत असते.

आणि वेळ मोजायचा तो कोणाचा? हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. सकाळी दहा वाजता, सर्वांत तरबेज मुलीच्या शेजारी घड्याळ घेऊन उभे राहिले, तर स्पीकर बसवायला १४ सेकंद लागतील. दुपारी चार वाजता, दोन महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीला २१ लागतील. कागदावर १४ लिहिले की त्या दिवसापासून २१ वाली मंद ठरते. तिने पाणी प्यायचे कधी, लघुशंकेला जायचे कधी? जागा सोडली तर लाइन थांबते. म्हणून चांगल्या लाइनवर सगळ्या जागांचे काम येणारा एक जास्तीचा माणूस असतो. तो हाक येईल तिथे बसतो. हिशेबाच्या वहीत तो फुकट बसलेला दिसतो आणि खर्च कमी करायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते. ही काटकसर मला तरी कधीच पटलेली नाही. का, ते आपल्याच रेडिओवरून पाहू. सहांतला एक गैरहजर आहे आणि जास्तीचा माणूस नाही. पाच जणांत तीच कामे पुन्हा वाटून पाहा. वाटणी कशीही केली तरी ताल ३० सेकंदांवर राहत नाही आणि दिवसाचे ९०० संच होत नाहीत. माणूस सहातला एक गेला, तसा मालही घटला. गैरहजेरीच्या दिवशी ९०० चा आग्रह धरणे म्हणजे गणिताशीच भांडण आहे.

आता तुम्हांला एका खोलीत नेतो. अमेरिकेत शिकागोजवळ सिसेरो येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता. तिथे टेलिफोनची सामग्री तयार होई. १९३१ च्या नोव्हेंबरपासून १९३२ च्या मे महिन्यापर्यंत तिथे चौदा कामगारांना एका वेगळ्या खोलीत बसवून त्यांच्या कामाचे निरीक्षण करण्यात आले. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या स्विचांच्या पाट्यांना तारा जोडायच्या, असे काम होते. तारा जोडणारे नऊ, झाळ देणारे तीन आणि तपासणारे दोन. तिघांनी जोडलेल्या तारांना एकाने झाळ द्यायची. पाहा, पापडाच्या घोळक्यातले तेच प्रमाण इथेही आहे. ज्याला वेळ लागतो तिथे माणसे अधिक.

मजुरी सगळ्या गटाच्या कामावर ठरत असे. अधिक काम म्हणजे सर्वांनाच अधिक पैसे. मग प्रत्येकजण जिवापाड हात चालवील, अशी अपेक्षा. घडले उलटेच. दिवसाला दोन संच, म्हणजे सुमारे ६,६०० जोडण्या, हे एका माणसाचे रास्त काम, असे कामगारांनी आपसांत ठरवून टाकले होते. त्याहून अधिक करणाऱ्याची टिंगल होई, दंडावर बुक्का बसे. आणि फार कमी करणाऱ्यालाही तेच. कमीअधिक झालेल्या दिवसांचे काम ते कागदावर सारखे करून सांगत. कामांची अदलाबदल करणे आणि एकमेकांना हात देणे नियमाविरुद्ध होते, तरी ते सर्रास चाले. तारा जोडणारा कंटाळला, की घटकाभर झाळ देणाऱ्याची जागा घेई. मागे पडलेल्याला शेजारी मदत करी.

हे सर्व फ्रिट्झ रोथलिसबर्गर आणि विल्यम डिक्सन यांनी १९३९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून त्याचे नाना अर्थ लावले गेले. कोणी म्हणाले, हा गटाचा अडाणी हेका. मला तसे वाटत नाही. ते दिवस महामंदीचे होते. अधिक काम करून दाखवले तर दर कमी होईल किंवा माणसे कमी होतील, ही भीती निराधार म्हणता येणार नाही. आणि झालेही तसेच. काम नाही म्हणूनच १९३२ साली ती खोली बंद झाली. पण आजच्या विषयापुरते मला त्यातले दुसरेच अंग महत्त्वाचे वाटते. त्या चौदा जणांनी कागदावरचा तोल बाजूला ठेवून आपला तोल आपण साधला होता. दमलेल्याला जागा बदलून मिळत होती आणि मागे पडलेल्याला हात मिळत होता. ताल मात्र त्यांनी मालकाचा न घेता स्वतःचा धरला होता. व्यवस्थापकाचा राग समजू शकतो. तथापि कोणाचा हात कोठे अडतो, हे त्यांना घड्याळवाल्यापेक्षा अधिक कळत होते, हे नाकारता येत नाही.

आपल्याकडेही ही रांग नवी नाही. ठाण्याला मर्फीचा आणि पुण्याजवळ लोणी काळभोरला फिलिप्सचा कारखाना होता. मुंबईत अंधेरीला १९७३ साली इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी सीप्झची वसाहत उभी राहिली. आज रांजणगावला एलजीचे टेलिव्हिजन जुळवले जातात. मधल्या काळात बदलले ते एवढेच, की बोर्डावरचे काम माणसाच्या हातून यंत्राकडे गेले. मोबाइलच्या बोर्डावरचे काही भाग आज ०.४ मिलिमीटर लांब आणि ०.२ मिलिमीटर रुंद, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान असतात. ते बोटांनी उचलणे शक्यच नाही. एक यंत्र बोर्डावर झाळीचा लेप छापते. पुढची यंत्रे फितीच्या रिळांतले भाग सूक्ष्म नळ्यांनी ओढून घेऊन जागच्या जागी ठेवतात. ही यंत्रे तासाला हजारो भाग ठेवतात. मग बोर्ड भट्टीतून जातो आणि लेप वितळून पक्की झाळ बसते.

यंत्रे आली म्हणजे तोलाचा प्रश्न मिटला, असे वाटेल. पण तो मिटत नाही. एक यंत्र बारीक भाग भराभर ठेवते, दुसरे मोठे आणि नाजूक भाग बेताने ठेवते. पहिले झटपट संपवून थांबते, दुसऱ्यापुढे बोर्ड साचतात. मग इंजिनियर काय करतो? आपण मघाशी स्क्रू जसे एकाकडून दुसऱ्याकडे दिले, तशी तो भागांची काही रिळे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेतो. हिशेब तोच. यंत्र रुसत नाही आणि दमत नाही, एवढाच फरक.

भट्टीविषयी पुष्कळांची एक गैरसमजूत होते. बोर्डाला भट्टी पार करायला काही मिनिटे लागतात, तेव्हा भट्टी हीच अडचणीची जागा असेल, असे विद्यार्थी हटकून म्हणतात. विहिरीवरचा रहाट ज्यांनी पाहिला आहे, ते फसणार नाहीत. एकेका गाडग्याला तळापासून वर यायला पुष्कळ वेळ लागतो. पण माळेवर गाडगी अनेक असतात आणि पाणी पाटात एकामागून एक पडतच राहते. भट्टीतही बोर्ड एकामागून एक चालत असतात. आत किती वेळ राहिला आणि किती वेळाने एक बाहेर पडला, ही दोन वेगळी मोजमापे आहेत.

आणि भट्टीनंतर पुन्हा माणसेच. कॅमेरा बसवणे, बॅटरी चिकटवणे, बारीक स्क्रू मारणे, पडदा तपासणे, खोक्यात घालणे, अशी कामे अजून बहुतेक ठिकाणी हातांनीच होतात. आपल्या मुली बसतात त्या तिथे. एकच स्क्रू दिवसभर, महिनोन् महिने मारणे, हा या वाटणीचा काळा भाग आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जपानमधल्या काही इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात लांब पट्टे मोडून लहान लहान गट बसवले. त्यांत एक किंवा काही थोडी माणसे संपूर्ण वस्तू जुळवतात. मालाचे नमुने वरचेवर बदलू लागले होते आणि दर वेळी शंभर माणसांच्या रांगेची वाटणी पुन्हा करणे परवडत नव्हते, हे त्याचे मुख्य कारण. एकट्याने सगळा संच केला, की वाटणीचा प्रश्नच उरत नाही. कोणी कोणाची वाट पाहत नाही. पण अशा माणसाला दहाही कामे यावी लागतात, ती शिकायला वेळ लागतो आणि प्रत्येक जागी सगळी हत्यारे ठेवावी लागतात. एकाच प्रकारचा माल लाखांनी काढायचा असेल, तर आजही रांगच स्वस्त पडते. म्हणून आपल्या मुलांना तूर्त रांगेशीच गाठ आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग आठवी-नववीच्या वर्गात जरूर करावा. खर्च काही नाही. सहा मुले ओळीने बसवा आणि त्यांच्याकडून लिफाफे करून घ्या. पहिल्याने कागदावर खुणा कराव्यात, दुसऱ्याने कापावा, तिसऱ्याने घड्या घालाव्यात, चौथ्याने गोंद लावून चिकटवावे, पाचव्याने शाळेचे नाव लिहावे, सहाव्याने दहा-दहांचे गठ्ठे बांधावेत. एका मुलीच्या हाती घड्याळ द्या आणि पंधरा मिनिटे काम चालू द्या. कोणापुढे ढीग साचतो आणि कोण रिकामा बसतो, ते वर्गाला फळ्यावर लिहू द्या. बहुधा नाव लिहिणाऱ्यापुढे ढीग होईल आणि वर्ग "लवकर, लवकर" असा ओरडा सुरू करील. तो करू द्या. मग वर्गातला सर्वांत चपळ मुलगा त्याच जागी बसवा आणि आणखी पंधरा मिनिटे जाऊ द्या. ढीग थोडा कमी होईल, पण जाणार नाही. तेव्हा आधीच्या मुलाकडे पाहा. तो काय म्हणतो ते ऐकण्यासारखे असते. मग मुलांनाच नवी वाटणी करायला सांगा. गठ्ठे बांधणारा रिकामा आहे, त्याने अर्धी नावे लिहावीत, हे त्यांना तुमच्या मदतीशिवाय सुचेल. गोंद मात्र पातळ घ्या आणि कागद पुरेसा ठेवा. नाहीतर गोंद वाळण्याची वाट पाहण्यातच तास संपतो, आणि झालेले लिफाफे शाळेच्या कचेरीला उपयोगी पडत नाहीत.